बार भरताना बोलायचं नाही

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. त्यांचा 'कार्तुश' मराठीत येऊन काडतूस झाला. पाव, चावी, बादली, बटाटा यांच्या मागोमाग तोही घरात शिरला आणि आपलाच होऊन बसला. गंमत अशी की सत्तरीतल्या आमच्या घरी काडतूस हा शब्द होता, पण काडतूस मात्र नव्हतं. आजोबांची बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. याला बार भरणं म्हणत. काडतुसात हे सगळं आधीच भरून, बंद करून मिळतं. एवढाच काय तो फरक, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

गेल्या वर्षी लेकीकडे पेन्सिल्व्हेनियात तीन महिने होतो. लेक-जावई दोघंही सकाळी आठला बाहेर पडायची. दिवसभर मी आणि खिडकी. शेजारी एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. एकदा कुंपणाशी बोलता बोलता आमची ओळख झाली. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती असं मी सहज म्हणालो, आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की विचारू नका. हात धरून ते मला तळघरात घेऊन गेले.

तिथं भिंतीवर एक बंदूक होती. पाहताक्षणी ओळखीची वाटली. चापाभोवती मोठी कडी, ती खाली ओढली की 'खटक-खटक' आवाज, लांब नळी, नळीखाली दुसरी नळी. घोड्यावर बसलेल्या काउबॉयच्या हातात पणजीच्या सिनेमागृहात हीच पाहिली होती! ती विंचेस्टर, 1873 च्या नमुन्याची. 1950 साली जेम्स स्टुअर्टचा एक चित्रपटच तिच्या नावानं निघाला होता. पण ही बंदूक काही दीडशे वर्षांची नव्हती. इटलीत अशा जुन्या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात, त्यातली ही एक. त्यांच्याकडे हौशी लोकांचे गट आहेत. जुन्या काळचे कपडे घालून, टोपणनावं घेऊन ही मंडळी लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. 1987 पासून त्यांची रीतसर संघटना आहे. आमचे शेजारी त्यांपैकीच. आपल्याकडे दशावतारात रात्रीपुरता राजा होणारा माणूस असतो ना, तसेच.

मला बंदुकीपेक्षा खालचं टेबल जास्त आवडलं. सुताराच्या टेबलासारखं भक्कम. त्यावर घट्ट बसवलेला एक दट्ट्या, एक बारीक तराजू, मायक्रोमीटर, आणि लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या केलेल्या पन्नास पितळी पुंगळ्या. उडवलेल्या काडतुसाची पुंगळी ते टाकून देत नाहीत. तीच पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथं परवाना लागत नाही. (आपल्याकडे कुणी हा उद्योग मनात आणू नये. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे.)

"दुकानात तयार मिळत नाहीत का?" मी विचारलं.

"मिळतात. महाग मिळतात, कधी मिळतच नाहीत. पण ते कारण नाही," ते म्हणाले. "दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या बंदुकीसाठी असतं. मला माझ्या बंदुकीसाठी हवं."

हे मला लगेच कळलं नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज दुपारी त्या तळघरात जाऊन बसत होतो, तेव्हा हळूहळू कळलं.

या काडतुसाचं नाव चव्वेचाळीस-चाळीस. चव्वेचाळीस म्हणजे गोळीची ढोबळ, नावापुरती जाडी, इंचाच्या शंभराव्या भागात. चाळीस म्हणजे आत भरायच्या काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा; त्यांचं वजनाचं माप दाण्यापासून निघालं, जसं आपल्या सोनाराचं गुंजेपासून. मला गंमत वाटली म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. इंग्रजांनी ठरवलेला आपला तोळा बरोबर 180 ग्रेनांचा. या काडतुसाची शिशाची गोळी 200 ग्रेनांची, म्हणजे तोळ्याहून थोडी जड. आणि मूळची चाळीस ग्रेन दारू म्हणजे जेमतेम एकवीस गुंजा! हे सांगितल्यावर म्हातारबुवा इतके खूश झाले, की तेव्हापासून तराजूवर काही ठेवलं की मला विचारायचे, "याच्या गुंजा किती?"

आता मूळ मुद्दा. हे काडतूस निघालं तेव्हा जगात काळी दारूच होती. सोरा, गंधक, कोळसा. पुंगळी या दारूनं काठोकाठ भरायची आणि वर गोळी दाबायची. खालची दारूच गोळीला तोलून धरी. 1884 साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि सगळं गणित बदललं. ही नवी दारू काळीपेक्षा कितीतरी जोरकस. तेवढंच काम करायला ती थोडीशीच लागते. पण पुंगळी तर तेवढीच राहिली! म्हणजे आज तीच पुंगळी भरली तर निम्मीहून अधिक रिकामी राहते. त्यातून दोन कटकटी निघतात.

पहिली गोळीची. या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागे एक आडवी असतात, पुढून स्प्रिंग त्यांना मागे दाबत असते. बार उडाला की सगळी रांग हिसका खाते. पूर्वी खाली दारूचा भक्कम पाया होता, आता नुसती हवा आहे. गोळी आत सरकली तर आतला दाब भलताच वाढतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट मिटवावं लागतं. आणि या पुंगळीचं पितळ तोंडाशी कागदासारखं पातळ. दट्ट्याचा दांडा जरा आडदांडपणे ओढला की मान चुरगळलीच. माझ्या हातून पहिल्या दिवशी तीन चुरगळल्या. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, फक्त तिन्ही उचलून एका डब्यात टाकल्या. डबा बराच भरलेला होता हे पाहून मला बरं वाटलं.

गोळीचं टोकही चपटं लागतं. रांगेत एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला, जिथं आग लावणारी टोपी असते तिथं, टेकलेलं असतं. अणकुचीदार टोक असलं तर हिसक्यानं नळीतच भडका व्हायचा. आणि काडतुसाची एकूण लांबीही ठरलेली, चार सेंटिमीटरच्या आसपास. काडतूस वर उचलणारी जी पितळी पाळ आत असते, ती याच लांबीला बेतलेली आहे. लांब झालं तर मावत नाही, आखूड झालं तर मागचं काडतूस अर्धवट आत शिरून सगळं अडकवतं.

मग नळीची जाडी. बंदुकीच्या कागदावर आकडा लिहिलेला असतो, पण चव्वेचाळीस-चाळीसच्या नळ्या बनवणाऱ्यागणिक, काळागणिक थोड्या थोड्या वेगळ्या निघतात. म्हणून म्हातारबुवांनी मऊ शिशाचा एक गोळा नळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठोकत काढला होता. त्याच्यावर नळीतल्या खाचांचा ठसा उमटतो. मग त्याची जाडी मायक्रोमीटरनं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची आणि तिला साजेशी गोळी निवडायची. तो शिशाचा गोळा त्यांनी अजून डबीत जपून ठेवला होता. "हा माझ्या बंदुकीचा जबड्याचा ठसा," ते म्हणाले. दंतवैद्य कवळीसाठी घेतो तसा!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंदुकीची ताकद. 1873 च्या बंदुकीत काडतुसामागचं दार कसं बंद होतं माहीत आहे? गुडघ्यासारखा एक सांधा आहे. कडी वर ओढली की तो सांधा सरळ होतो, पाय ताठ करून दार दाबून धरावं तसा. एवढ्यावरच सगळा भार. काळ्या दारूला ते पुरेसं होतं. पुढे 1892 साली जॉन ब्राउनिंगनं विंचेस्टरसाठी दुसरी बंदूक आखली, तिच्यात दाराला दोन भक्कम लोखंडी खुंट्या मागून अडसर घालतात. काडतूस तेच, चव्वेचाळीस-चाळीस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं या नव्या बंदुकीसाठी जास्त जोराची काडतुसं काढली. दिसायला अगदी तशीच, जुन्या बंदुकीतही सहज बसणारी. खोक्यावर छापलेलं असे, की 1873 च्या बंदुकीत घालू नयेत. पण खोकं हरवतं, काडतूस राहतं.

"नव्या प्रतिकृतीचं पोलाद चांगलं असतं ना?" मी विचारलं.

"पोलाद नवं आहे. गुडघा जुनाच आहे," ते म्हणाले.

आता दुसरी कटकट. तीच सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

काळी दारू पुंगळीत चुकून दोनदा ओतली, तर ती बाहेर सांडते. चूक डोळ्यांना दिसते. बिनधुराची दारू दोनदा ओतली तरी पुंगळीत बिनबोभाट मावते. वर गोळी बसते, तोंड मिटतं, काडतूस इतरांसारखंच दिसतं. म्हणून म्हातारबुवांचे नियम कडक. टेबलावर एका वेळी एकच डबा. फोन वरच्या मजल्यावर. ओळीनं दारू घालायची, आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च धरून पन्नासही पुंगळ्यांत डोकावायचं. आणि दारू घालताना कुणी बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम ऐकला तेव्हा मी स्टुलावर बसल्या जागी गप्प झालो. आजोबा म्हणायचे, "बार भरतना उलोवप ना." बार भरताना बोलायचं नाही. शब्दसुद्धा तेच.

1968 सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा. दसरा होऊन गेला होता, शेत कापणीला आलं होतं आणि रानडुकरं रोज रात्री उतरत होती. आजोबांनी दुपारी बंदूक खुंटीवरून काढली. वेळूच्या पेरानं दारू मोजली. ते पेर मी धरलं होतं. बार भरून, केप न लावता, त्यांनी बंदूक पडवीत पुन्हा टांगली. संध्याकाळी मांगरात जायचा बेत होता. पण तिन्हीसांजेला पलीकडच्या वाड्यावर कुणी गेल्याची बातमी आली आणि आजोबा तसेच तिकडे गेले.

धाकटे काका तेव्हा चोवीस वर्षांचे. दादा नाहीत तर आज मी राखण करतो म्हणाले. कंदील मी धरला. त्यांनी बंदूक काढली, पेरानं दारू मोजली आणि ओतायला लागले.

मी पाहत होतो. दुपारी आजोबांनी भरलेली मला ठाऊक होती. कदाचित दोन डुकरांना दोन बार लागत असतील, असंही वाटलं. कदाचित नाही वाटलं, नंतर मीच मनाशी रचलं असेल. एवढं मात्र पक्कं आठवतं, की तोंड उघडावंसं वाटलं आणि नियम आठवला. बार भरताना बोलायचं नाही. मी बोललो नाही.

पहाटे मांगराकडून आवाज आला, तो नेहमीचा नव्हता. नळी बुडाशी फुटली होती. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बैलगाडीनं वाळपईला आणि तिथून पणजीला नेलं. बंदूक जुनी होती, नळीला गंज होता, असं सगळे म्हणाले. आजोबांनी काहीच म्हटलं नाही. त्यांना ठाऊक असणार.

काका चवथीला घुमट वाजवायचे. घुमटाला उजव्या हाताची थाप असते, पण नाद घडवतो तो डावा हात, मागचं तोंड कधी झाकून, कधी मोकळं ठेवून. त्या वर्षीनंतर आरत्यांना ते कासाळे घेऊन मागच्या रांगेत बसू लागले. मी पन्नासहून जास्त चवथी त्यांच्या हाताकडे न बघता काढल्या.

तर त्या तळघरात एके दुपारी म्हातारबुवा दारू घालत होते. तिसरी ओळ चालू होती. इतक्यात वर दाराची घंटा वाजली. टपालवाला सही मागत होता. ते गेले, पाच मिनिटांनी खाली आले, चष्मा सारखा केला आणि माप उचललं. ज्या पुंगळीवर त्यांनी हात नेला ती भरून झाली होती, असं मला वाटलं. नुसतं वाटलं. खात्री नव्हती. आणि बोलायचं नाही हा नियम होता.

"थांबा," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "ती झाली होती बहुतेक."

त्यांनी माप खाली ठेवलं. टॉर्च जवळच होती, लावून बघता आलं असतं. त्यांनी बघितलं नाही. एकेक करून पन्नासही पुंगळ्या डब्यात रिकाम्या केल्या, ठोकळा पुसला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती पुंगळी भरलेली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही.

काम संपल्यावर मी त्यांची माफी मागितली. नियम मोडला म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, "नियम गप्पांसाठी आहे. असं काही दिसलं की बोलायचंच. हे कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलाला अर्धा नियम सांगितला होता. पण आजोबांना तरी काय म्हणायचं? दारू हाताळताना पोरांनी बडबड करू नये एवढंच त्यांच्या मनात असणार.

गोव्यात परतल्यावर चौथ्याच दिवशी काकांकडे गेलो. ते आता एक्क्याऐंशीचे. कुळागरात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या, तिथं खुर्ची टाकून बसले होते. सगळं सांगितलं. दुपारचं पेर, कंदील, आणि मी गप्प राहिलो ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्येच एक कावळा हाकलला.

मग म्हणाले, "अरे, गज पळोवपाक म्हाका कोणें आडायल्लो?" गज बघायला मला कुणी अडवलं होतं?

आजोबांच्या गजावर एक खाच होती. रिकाम्या नळीत गज सोडला की तो बरोबर खाचेपर्यंत आत जायचा. आत बार असला की खाच बाहेर राहायची, चार बोटं वर. टॉर्चचं काम आमच्याकडे त्या खाचेचं होतं. बार भरण्याआधी गज सोडून बघायचं, हे काकांना आजोबांनी दहा वेळा शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांना घाई होती. ठासतानाही खाच वर दिसली असणार. त्यांनी बघितली नाही.

"आणि तू बोलला असतास, तर मी ऐकलं असतं?" काका म्हणाले. "चोवीस वर्षांचा होतो मी. तुला गप्प बस म्हटलं असतं."

असेल. नसेलही. पण त्यांनी ते म्हटलं, आणि मी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं. तीन बोटांत त्यांनी विड्याचं पान धरलं होतं आणि उजव्या हातानं चुना लावत होते. सराईतपणे.

फुटकी बंदूक तेव्हाच पोलिसांत जमा झाली. गज मात्र घरीच राहिला. न्हाणीच्या चुलीत लाकडं सारायला तो अजून वापरतात. निघताना न्हाणीत डोकावलो. काजळीनं काळा झाला आहे, पण अंगठा फिरवला की खाच लागते.